ठोकआप्पा आणि वरच्या मजल्याचं पाणी

आमच्या गल्लीत ठोकआप्पांनी हातोडीने ठोकून पाहिली नाही अशी वस्तू शोधून सापडली नसती. कलिंगड सगळेच ठोकून घेतात. आप्पा माठ, घमेली, दाराच्या चौकटी, मांडवाचे खांब, इतकंच काय, शेजाऱ्याने आणलेला नवा कोरा फ्रीजही ठोकून बघत. एकदा समोरच्या घरी मुलगी बघायला पाहुणे आले होते. आप्पा सरळ आत गेले, नवरामुलगा बसला होता त्या खुर्चीच्या पायावर एक टोला दिला आणि जाहीर केलं, "मागला उजवा सिक हाय." नवरामुलगा पोह्यांची बशी घेऊन ताडकन उभा राहिला. लग्न ठरलं, पण सासुरवाडीला आला की तो आजही सतरंजीवरच बसतो.

खरं नाव बिरू. दौंड जंक्शनच्या कॅरेज खात्यात त्यांनी तीस वर्षं काढली. गाडी फलाटाला लागली की खाली रुळांत उतरायचं, लांब दांड्याच्या हातोडीने एकेक चाक ठोकायचं आणि आवाज ऐकायचा, हे त्यांचं काम. चाक खणखणीत वाजलं तर डबा 'फिट'. बद्द वाजलं तर कुठेतरी तडा. मग त्या डब्यावर खडूने फुली मारायची, डबा 'सिक' ठरायचा आणि गाडीतून सोडवून बाजूच्या रुळावर नेऊन ठेवायचा. नोकरीची तीन वर्षं बाकी असताना आप्पांनी स्वतःहून राजीनामा दिला. का, असं विचारलं तर "सायबाशी वाजलं" एवढंच सांगत. हातोडी खात्यात जमा झाली, पण सवय कशी जमा करणार? आप्पांनी लोहाराकडून तशीच दुसरी करून घेतली आणि आमच्या गल्लीला रेल्वेगाडी समजून काम पुढे चालू ठेवलं.

कानाचा त्यांना भारी अभिमान. वडील भांडगावकडे मेंढरं राखायचे. कुठली मेंढी कुठल्या झुडपाआड आहे ते म्हातारा गळ्यातल्या घंटीवरून ओळखायचा, असं आप्पा सांगत. "कान आमच्या घराण्यातच हाय, मास्तर. तुमच्याकडं चित्रं, आमच्याकडं कान." मी तेव्हा एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि आप्पा फुल्या मारायला लागणारे खडू माझ्याकडूनच नेत. त्यातलाच एक खडू वापरून त्यांनी माझ्या सायकलीवर भरचौकात फुली मारली होती. शाळेची पोरं आठवडाभर मला "सर, सिक लाइनला चाललात का?" असं विचारत होती. तो राग माझ्या मनात बरेच दिवस होता.

त्यांची तपासणी म्हणजे एक सोहळाच असे. आधी "गप! त्याला बोलू द्या," असं म्हणून सगळ्यांना गप्प करायचं. मग टोला. खात्री करायची असली की हातोडीचं डोकं वस्तूला टेकवायचं, दांड्याचं टोक दातांत धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं. "ही आमच्या खात्यातली खास इद्या," असं ते म्हणत. खात्यातली दुसरी माणसं मी शाळेला जाता-येता स्टेशनात रोज बघत होतो. दात लावताना मला तरी कुणी दिसलं नव्हतं.

बोलण्याची तऱ्हाही वेगळी. पाठीमागून हाक मारली तर वळणारच नाहीत. समोर जाऊन बोलावं लागे, आणि मान खाली घालून बोललात तर "तोंड दाखवून बोला. चोरी केलीय काय?" असं सुनावत. काहीही विचारा, उत्तर ठरलेलं असे. कसं काय आप्पा? "ठोकून बघू." जेवण झालं का? "ठोकून बघू." पाऊस कसा वाटतो यंदा? "बघू, ठोकून बघू." आम्ही हसायचो. माणूस शिष्ट आहे, पण विनोदी आहे, असं आमचं मत पडलं होतं.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा नाशिककडे एका कारखान्यात होता. आप्पांकडे फोन नव्हता, म्हणून तो दर रविवारी सकाळी आमच्याकडे फोन करायचा. मी समोर जाऊन सांगायचो, "आप्पा, मुलाचा फोन आहे. नातूपण आहे." आप्पा हातोडी खांद्यावर टाकून म्हणायचे, "सांगा, ड्युटीवर गेल्यात." निवृत्त होऊन चार वर्षं झालेला माणूस कुठल्या ड्युटीवर जाणार? पण मी तसंच सांगायचो आणि पलीकडून मुलगा "बरं" म्हणायचा. बापलेकांचं बिनसलंय हे गल्लीने ठरवून टाकलं होतं. माझी आई तर म्हणायची, "नातवाशीसुद्धा बोलत न्हाई. काळीज हाय का चाक?"

आता मूळ भानगडीकडे येतो.

आमच्या खालच्या दोन खोल्यांत आईवडील, मी, बायको आणि दोन मुलं अशी सहा माणसं. धाकटी बहीण सुनंदा शिरूरला, म्हणजे घोडनदीला दिलेली. तिला दिवस गेले तसं आईने वर एक खोली आणि न्हाणीघर बांधायला काढलं. एकुलत्या एका लेकीचं पहिलं बाळंतपण माहेरी, तेही झोकात व्हायला पाहिजे, एवढाच तिचा ध्यास होता. खोली झाली. गच्चीवर काळी टाकी आली. टाकीतून दोन पाइप निघाले, एक खालच्या घराला आणि एक खास वरच्या न्हाणीघराला. आणि मग वरचा नळ सोडला, तर आधी एकदा जोरात पाणी आलं आणि चुटकी वाजवावी इतक्या वेळात त्याची करंगळीएवढी धार झाली. खालचे नळ मात्र धो धो वाहत होते.

नळवाला म्हणाला, टाकी बुटकी पडतेय, चार फूट उचला. उचलली. धार तेवढीच. मग म्हणाला, पाइपात हवा धरलीय, उलट्या बाजूने जोर लावा. मी सायकलचा पंप नळाला लावून रविवारची अख्खी सकाळ हवा मारली. गच्चीवरून मुलगा ओरडला, "बाबा, टाकीत बुडबुडे आले!" वाटलं, जमलं. पंप काढला, जोरात फवारा आला, माझं तोंड धुतलं आणि पुन्हा करंगळी.

सातव्या महिन्यात सुनंदाला घेऊन तिच्या सासूबाई शिरूरच्या एसटीने आल्या. बाई स्वच्छतेच्या कडक आणि बोलायला त्याहून कडक. वर जाऊन त्यांनी नळ सोडला आणि कमरेवर हात ठेवून धारेकडे बघत राहिल्या.

"विहीणबाई, आमच्याकडं नळ सोडला की बादली सरकवायला वेळ मिळत न्हाई. हितं तर घंगाळ भरंपर्यंत पोरगं चालाया लागंल."

"होतंय की आठ दिसांत," आई म्हणाली.

"मग आठ दिसांनी येते. बाळ-बाळंतिणीला रोजचं न्हाणं लागतंय. तुमचे गुडघे हे असे, जिन्यानं बादल्या कोण चढवणार? गुरुवारी पाणी असंल तर सून ठेवते. नसंल तर घोडनदीला घेऊन जाते."

त्या गेल्या आणि आई जिन्याच्या पायरीवर बसली. सुनंदा तिच्या शेजारी बसली. आमची आई रागावली की घर हलतं. गप्प बसली की मात्र आम्हाला भीती वाटते. शेवटी ती म्हणाली, "लेक परत गेली तर लोक म्हणतील, आईला पाणीसुद्धा देता आलं न्हाई." मला फार वाईट वाटलं. खोली तिने स्वतः विटांवर पाणी मारून मारून उभी केली होती.

बुधवारपर्यंत नळवाला टाकी आणखी उचलायच्या गोष्टी करत होता. गुरुवारी सकाळी आईने हुकूम सोडला, "आप्पांना बोलव."

"आई, ते चाकं ठोकतात. नळ नाही."

"तुझ्या सायकलीचा कणा तुटंल म्हनलं हुतं का न्हाई त्यांनी? तुटला का न्हाई?"

तुटला होता, आठव्या दिवशी. मी मुकाट्याने जाऊन आप्पांच्या समोर उभा राहिलो.

आप्पा आले ते ड्युटीवर आल्यासारखे, इस्त्रीचा शर्ट घालून. आल्या आल्या त्यांनी घर बंद केलं. मिक्सर बंद, रेडिओ बंद, शेजारची पिठाची गिरणी माझ्या मुलाला पाठवून दहा मिनिटं बंद. माझ्या वडिलांना सकाळचा खोकला असतो. त्यांनी उपरणं तोंडात धरलं. एवढ्यात खालून दार वाजलं आणि विहीणबाई हजर. ठरल्याच्या दोन तास आधी! त्यांनी आत पाऊल टाकलं आणि त्यांच्यावरही "गप!" आलं. आयुष्यात त्यांना कुणी गप केलं असेल असं वाटत नाही. त्या खरंच गप बसल्या.

गच्चीपासून न्हाणीघरापर्यंत आप्पा पाइप ठोकत आले. न्हाणीघरात स्टुलावर चढले. खिडकीपाशी, छताच्या जरा खाली, गच्चीवरून आलेला इंची पाइप अर्ध्या इंची होऊन भिंतीवरून नळाकडे उतरत होता. तिथे त्यांनी हातोडी टेकवली, दांडा दातांत धरला आणि मला हाताने खूण केली, नळ सोड. सोडला. बंद कर. केला. पुन्हा सोड. असं सात-आठ वेळा झालं. मग त्यांनी दांडा तोंडातून काढला.

"आत प्रवासी हाय."

"काय?"

"बिनतिकिटाचा. नळ सोडला की धावत येतंय, हितं टक्कन बसतंय आन् वाट अडवतंय. बंद केला की मागं सरतंय. टाकी पार आभाळाला लावा, धार न्हाई वाढायची." आणि त्यांनी त्या जोडावर खडूने झकास फुली मारली.

मी गच्चीवर जाऊन टाकीखालचा कॉक बंद केला. आप्पांनी पान्याने जोड सोडवला. थोडं पाणी गळलं आणि त्यांच्या तळहातावर एक काळपट, फुगलेली, गोल वस्तू येऊन पडली. मी स्टूल धरून शेजारी उभा होतो. बघताक्षणी ओळखली. ती पूजेची सुपारी होती.

टाकी बसवली त्या दिवशी आईने पाइपांची पूजा केली होती. लेकीच्या खोलीचा पाइप, म्हणून त्याला तिने जास्तच भक्तिभावाने हळदकुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या आणि सुपारी घरंगळू नये म्हणून पाइपाच्या तोंडात जरा आत सरकवून ठेवली. मग सगळे जेवायला खाली गेले. जेवण करून नळवाला आला आणि त्याने पाइप टाकीला जोडून टाकला. त्या वेळी तो पाइप मीच धरला होता. पुरणपोळी खाऊन डोळ्यांवर झापड आलेली, आत बघतोय कोण!

दारात आई उभी होती. तिच्या मागे विहीणबाई, टाचा उंचावून. "काय निघालं?" दोघींनी एकदमच विचारलं. आईने स्वतःच्या हाताने, पूजा करून, लेकीचं पाणी अडवलं, हे एकदा घोडनदीला पोचलं असतं तर पुढची वीस वर्षं प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशात ते वाढलं गेलं असतं. विहीणबाईंचं सोडा. आईने स्वतः त्यात काय अपशकुन पाहिला असता, देव जाणे.

आप्पांनी एकदा सुपारीकडे पाहिलं, एकदा दारात उभ्या आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि मूठ मिटली.

"गंज," ते म्हणाले. "गंजाचा खडा व्हता, वैनी. पाइप बनवणाऱ्याची चूक. तुमच्या घराची न्हाई." आणि मूठ खिशात घातली.

"मी म्हनतच हुते," आई म्हणाली. विहीणबाईंनीही मान डोलावली. "हल्ली पाइप चांगले येतच न्हाईत," त्या म्हणाल्या, आणि दोघींचं त्या दिवसात पहिल्यांदाच एकमत झालं.

आप्पांनी जोड परत बसवला. मी धावत गच्चीवर गेलो, कॉक सोडला आणि जिना उतरतानाच आवाज ऐकला. नळ तसाच उघडा राहिला होता आणि खाली पत्र्याची बादली होती. काय दणका होता! बादली ढोलासारखी वाजत होती. पाणी उसळून विहीणबाईंच्या नऊवारीवर उडालं होतं आणि कधी नव्हे त्या हसत होत्या. "आता कसं! आता कसं!" सुनंदा टाळ्या वाजवत होती. आई "आलं गं बाई, आलं!" म्हणून ओरडत होती. खाली वडिलांनी तोंडातलं उपरणं काढून साठवलेला सगळा खोकला एकदम बाहेर काढला.

आप्पा स्टुलावर भिंतीकडे तोंड करून उभे होते. फडक्याने जोड पुसत होते. न वळता त्यांनी मोठ्याने विचारलं, "मास्तर, सोडलं का? आलं का पाणी?"

बायकांना वाटलं, आप्पा ऐटीत आहेत, थट्टा करताहेत. त्या आणखी हसल्या. मी मात्र जागच्या जागी थांबलो. त्यांच्या पाठीमागे चार हातांवर अख्खी टाकी कोसळत होती आणि त्यांच्या पाठीला त्याचा पत्ताच नव्हता. त्यांनी हातोडी पाइपाला टेकवली, दांडा दातांत धरला, डोळे मिटले. क्षणभराने त्यांचा चेहरा सैल झाला.

"आलं," ते स्वतःशीच म्हणाले.

वळले तेव्हा मी समोर उभा होतो. माझ्या चेहऱ्यावर जे काय होतं ते त्यांनी वाचलं. तोंडं वाचायचीच तर सवय होती त्यांना! ठोकून बघू, तोंड दाखवून बोला, पाठीमागची न ऐकलेली हाक, सगळं माझ्या डोक्यात भराभर जागेवर बसलं. ज्या माणसाला मी चार वर्षं शिष्ट म्हणत होतो त्याला माझं बोलणं ऐकूच येत नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली. मी हळू, ओठ नीट हलवून म्हणालो, "आलं, आप्पा. भरपूर आलं."

चहा झाल्यावर मी त्यांना घरी सोडायला गेलो. दारात त्यांनी खिशातून सुपारी काढून माझ्या हातावर ठेवली.

"ही नदीला सोडा. वैनीला सांगू नगा."

"नाही सांगत."

"आन् दुसरं बी."

मी मान हलवली. ते उंबऱ्यावर टेकले, हातोडी आडवी मांडीवर घेतली.

"एक दिस चाक ठोकलं, मास्तर. हात म्हनला वाजलं, कानाला न्हाई आलं. पुन्यांदा ठोकलं. न्हाई. गाडीत हजार मानूस बसलेलं. खडू हातात, पर फिट म्हनू का सिक? दुसऱ्या मानसाला हाक मारली, त्यानं तपासलं, गाडी गेली. मी तसाच हाफिसात जाऊन अर्ज दिला. साहेब बिचारा नगं नगं म्हनत हुता. वाजलं बिजलं काय न्हाई."

"लोकांना सांगितलं असतं तर काय झालं असतं?"

ते हसले. "बहिऱ्याकडनं कोन ठोकून घेतंय?"

सुनंदाला मुलगी झाली. रोज सकाळी वरच्या न्हाणीघरात आई तिला पायांवर घेऊन न्हाऊ घालायची आणि पाण्याच्या आणि पोरीच्या आवाजात कुणाचं काही ऐकू यायचं नाही. आईचे गुडघे दुखायचे थांबले नाहीत, पण त्याबद्दल ती बोलायची थांबली.

बारशाला आप्पा आले, इस्त्रीचा शर्ट, हातात हातोडी. बायका हसायला लागल्या. विहीणबाई म्हणाल्या, "आप्पा, आता पोरीला ठोकता का काय!" आप्पांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, "ठोकून बघू," म्हणाले आणि पाळण्याजवळ गेले. पाळणा लाकडी होता, जड, आईच्या माहेरचा. गर्दीला बावरून पोरगी जीव खाऊन रडत होती. आप्पांनी हातोडीचं डोकं अलगद पाळण्याच्या कडेला टेकवलं, दांडा दातांत धरला आणि डोळे मिटले. मी बायकांना खूण केली. का कोण जाणे, सगळ्या गप्प झाल्या.

बराच वेळ ते तसेच उभे राहिले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी ओघळून मिशीत गेलं. मग दांडा काढून ते म्हणाले, "खणखणीत. कुठं तडा न्हाई." खिशातून खडू काढून त्यांनी पाळण्याच्या कडेवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फिट.' विहीणबाईंनी ते वाचलं, घोडनदीला जाऊन सगळ्यांना सांगितलं, आणि आमच्या आईने तो पाळणा त्यानंतर कधी फडक्याने पुसू दिला नाही.

निघताना जिन्यात आप्पांनी माझा दंड धरला. "माझा नातू बी असाच रडला असंल, न्हाई?"

"असेलच की."

"मी न्हाई ऐकला. त्यो झाला तवा माझं कान गेल्यालं. आन् फोनला दात कसं लावायचं, मास्तर?"

ते हातोडी खांद्यावर टाकून हळूहळू जिना उतरून गेले.

पुढच्या रविवारी सकाळी फोन वाजला. नेहमीसारखाच नाशिकचा मुलगा. "आप्पा आहेत का?" त्याने विचारलं, आणि माझं नेहमीचं उत्तर गृहीत धरून तो फोन ठेवायच्या बेतातच असावा.

"आहेत," मी म्हणालो. "आजपासून ड्युटीवर नाहीत. पण फोनवर नका बोलू. तुम्ही या. पोराला घेऊन या, आणि त्यांच्या समोर बसून, तोंड दाखवून बोला."